जुन्या मर्सिडीजचा ब्रेक बूस्टर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे १९८३ ची मर्सिडीज २४० डी आहे, म्हणजे डब्ल्यू १२३ मालिकेतली डिझेल गाडी. ही मालिका १९७६ च्या सुरुवातीला बाजारात आली आणि १९८६ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. आपल्याकडे या गाड्या आखातातून परतलेल्या कुटुंबांबरोबर आल्या, काही वकिलातींनी विकल्या, आणि पुण्या-मुंबईत त्यातल्या बऱ्याच अजून रोज धावतात. आमच्या गाडीचा बूस्टर गेला तेव्हा मला जे प्रश्न पडले, तेच आता इतर गाडीवाले फोनवर विचारतात. म्हणून उत्तरे एकत्र लिहून काढली आहेत. कॉन्टेसा, ११८ एनई किंवा दुसरी जुनी गाडी असली तरी तपासण्यांचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल. खोलाखोलीचा भाग मात्र डब्ल्यू १२३ पुरता आहे.

बूस्टर नेमके काय करतो?

बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागाच्या) मागे जो काळा गोल डबा दिसतो, तो बूस्टर. आत रबरी पडदा असतो, त्याला गॅरेजमध्ये डायफ्राम म्हणतात. पाय वर असताना पडद्याच्या दोन्ही अंगांना व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून केलेली पोकळी, असतो. पेडल दाबले की मागच्या बाजूचा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरची हवा आत शिरते. पुढे व्हॅक्यूम आणि मागे हवा, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि तो जोर आपल्या पायाच्या जोरात मिळतो.

हा जोर किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहा. पडदा २३ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ होते सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटर. २० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ६९० ग्रॅमचा दाब पडतो. गुणाकार २८० किलोच्या पुढे जातो. बूस्टर गेला की ही मदत जाते आणि सगळी भिस्त एकट्या पायावर येते.

बेल्जियमचे इंजिनिअर आल्बेर दवांद्र यांनी १९२७ मध्ये ही युक्ती मोटारीच्या ब्रेकसाठी वापरली. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

माझ्या पद्मिनीला बूस्टरच नाही, तरी ब्रेक लागतात. मग मर्सिडीजला तो का लागतो?

मूळ पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रममध्ये पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर आपोआप ओढला जातो आणि जास्त घट्ट बसतो, म्हणजे चाकाचीच थोडी मदत मिळते. डिस्कला ही मदत नसते. पॅड जेवढा दाबाल तेवढाच दाबतो. डब्ल्यू १२३ ला चारही चाकांना डिस्क आहेत आणि गाडी दीड टनाच्या आसपास भरते. बूस्टरशिवाय ती थांबते, पण थांबवणाऱ्याचा गुडघा बोलू लागतो.

पद्मिनीला दुसऱ्या गाडीचा बूस्टर बसवून घेणारे आहेत. माझे मत विचाराल तर ड्रम, सिलिंडर आणि लायनर नीट असतील तर त्याची गरज नाही. ते नीट नसतील तर बूस्टर लावून दुखणे फक्त झाकले जाते.

बूस्टर गेला हे कसे ओळखायचे?

तीन तपासण्या आहेत. घरच्या घरी होतात, हत्यार लागत नाही.

पहिली. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईपर्यंत. मग पाय दाबून धरा आणि गाडी चालू करा. चांगला बूस्टर असेल तर इंजिन चालू होताच पेडल पायाखाली थोडे खाली जाते. काहीच हालचाल झाली नाही तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर तो धरत नाही.

दुसरी. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा, मग पेडल दाबा. पहिली दोन-तीन दाबणी मऊ लागली पाहिजेत. पहिलेच दाबणे दगडासारखे लागले तर साठवलेला व्हॅक्यूम कुठून तरी निसटला. यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा) दोषही असू शकतो, आणि तो बूस्टरच्या मानाने किरकोळ भाग आहे.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसेच इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल जिथल्या तिथे राहिले पाहिजे. ते पायाला वर ढकलू लागले तर बूस्टर गळतो आहे.

याशिवाय कान द्या. पेडल दाबताना क्षणभर ‘फुस्स’ होणे ठीक आहे, ती हवा आत शिरण्याची चाहूल असते. पाय स्थिर असतानाही पेडलच्या मुळाशी सुसू आवाज येत राहिला तर पडदा फाटला आहे किंवा मागचा व्हॉल्व्ह बसत नाही. २३० किंवा २८० पेट्रोल गाडीत आणखी एक खूण मिळते: ब्रेक दाबला की आयडलिंग बिघडते, कारण तिथे व्हॅक्यूम थेट इनटेक मॅनिफोल्डवरून घेतलेला असतो.

पेडल जड झाले म्हणजे बूस्टरच गेला ना?

नाही. आमच्या बाबतीत गोंधळ उलट्या दिशेने झाला. एका गॅरेजने आधी पॅड बदलले, मग पुढचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) खोलले, आणि बूस्टर पाहिला सगळ्यात शेवटी. पण मी हेही पाहिले आहे की नवा बूस्टर बसवूनही पेडल जडच राहिले, कारण दोष व्हॅक्यूम पंपात होता.

साधारण असे धरून चाला. पेडल जड असेल तर बूस्टर, व्हॅक्यूमचा पाइप, पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, चमक धरलेले पॅड, जाम झालेला कॅलिपर किंवा आतून फुगून बंद झालेला होजपाइप, यांतले काहीही असू शकते. पेडल स्पंजसारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या-त्या चाकाचा कॅलिपर किंवा होज. या शेवटच्या तीन तक्रारी बूस्टर बदलून जाणार नाहीत.

गाडी चावीने बंद होत नाही आणि ब्रेकही जड झाला आहे. दोन्हींचा संबंध आहे का?

आहे, आणि डिझेल डब्ल्यू १२३ वाल्याने ही गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यावी.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्या एका पंपावर अख्खे घर चालते: ब्रेक बूस्टर, दारांचे सेंट्रल लॉकिंग, हीटर-एसीच्या झडपा, ऑटोमॅटिक असेल तर गिअर बदलण्याचा मऊपणा, आणि चावी फिरवल्यावर इंजिन बंद करणारा छोटा पडदाही. डिझेलला स्पार्क नसतो, त्यामुळे करंट तोडून ते थांबत नाही. इंजेक्शन पंपावरचा हा पडदा व्हॅक्यूमने खेचला गेला की डिझेल तुटते आणि इंजिन थांबते.

म्हणून चावी काढल्यावरही इंजिन धडधडत राहिले किंवा दहा-पंधरा सेकंदांनी बंद झाले, तर कुठे तरी व्हॅक्यूम गळतो आहे. बूस्टरचा फाटलेला पडदा हे त्याचे एक कारण. मागच्या दाराच्या लॉकचा फाटलेला फुगा हे दुसरे. तोपर्यंत इंजिन थांबवायचे असेल तर बोनेट उघडून इंजिनावरचा ‘स्टॉप’ लिहिलेला लिव्हर दाबा. घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला हा लिव्हर दाखवून ठेवा.

गळती कुठे आहे हे शोधायला पंपापासून बूस्टरकडे जाणाऱ्या जाड पाइपवरून निघणारे बारीक फाटे एकेक करून काढा आणि निपलला बूच लावा. सगळे फाटे बंद केल्यावर ब्रेक सुधारला तर बूस्टर निर्दोष आहे, दोष दारांत किंवा डॅशबोर्डमागे आहे. काही सुधारले नाही तर बूस्टर, जाड पाइप आणि पंप एवढेच उरतात. मग बूस्टरकडचा पाइप काढून तिथे व्हॅक्यूम गेज लावा. गेज चांगला आकडा दाखवतो पण बूस्टर जोडला की पडतो, असे झाले तर शंका उरत नाही.

गेजवर किती आकडा यायला हवा? मुंबईच्या मेकॅनिकने एक सांगितला, पुण्यात त्यापेक्षा कमी येतो.

दोन्ही बरोबर असू शकतात. व्हॅक्यूम गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजते आणि उंचीवर हवाच विरळ असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ३० इंच पाऱ्याइतका. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे तो २८ च्या आसपास. महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास, तिथे साडेपंचवीस. म्हणजे ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक इंच वजा.

चांगला डिझेल पंप मुंबईत २२ ते २४ इंच दाखवत असेल तर तोच पुण्यात दोन इंच कमी दाखवेल. पंप बिघडलेला नाही. पेट्रोल गाडीत आयडलिंगला १७ ते २१ इंच हा समुद्रसपाटीचा अंदाज, त्यातूनही उंचीप्रमाणे वजा करा.

बूस्टरचा जोरही बाहेरच्या हवेवरच अवलंबून असल्याने महाबळेश्वरला तो थोडा कमीच मिळतो. चांगल्या बूस्टरमध्ये हे जाणवत नाही. अर्धमेल्या बूस्टरमध्ये जाणवते, आणि नेमके आंबेनळी घाट उतरताना जाणवते. मैदानात ‘चालतोय की’ म्हणून सोडलेला बूस्टर घाटात दगा देतो, त्यामागे हे एक कारण आहे.

गेलेल्या बूस्टरवर गाडी चालवली तर?

ब्रेक लागतात. पाय आणि मास्टर सिलिंडर यांचा जोड यांत्रिक आहे, तो तुटत नाही. पण लागणारा जोर काही पटींनी वाढतो, आणि अचानक कोणी समोर आले तर तेवढा जोर त्या क्षणी पायात येत नाही. घराजवळच्या गॅरेजपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्याने, एवढीच सूट मी स्वतःला देईन. बोर घाट, खंबाटकी, कात्रज अशा वाटेवर अजिबात नाही. टोइंग बोलवा.

याला लागूनच एक जुनी सवय सांगतो. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची पद्धत आपल्या आधीच्या पिढीत होती, तेल वाचवायला. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद म्हणजे हातात दोन-तीन मऊ दाबण्या उरल्या, त्यानंतर काही नाही. वडीलधारे कोणी गाडी चालवणार असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

बूस्टर मुळात जातो कशाने?

या प्रश्नाचे उत्तर घेतल्याशिवाय नवा बूस्टर विकत घेऊ नका.

वयाने रबर कडक होते, हे खरे. पण चाळीस वर्षे टिकलेला पडदा अचानक फाटतो तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार मास्टर सिलिंडर असतो. त्याचे मागचे सील झिजले की ब्रेक ऑइल थेंब थेंब बूस्टरच्या पोटात उतरते. जमिनीवर डाग पडत नाही, चाकांपाशी ओल दिसत नाही, फक्त टाकीतली पातळी उतरत राहते आणि आपण दर महिन्याला थोडे ओतत राहतो. आत साचलेले ऑइल रबर फुगवते, मऊ करते, डब्याचा आतला रंग उडवते, आणि मग पत्रा गंजतो. पेट्रोल गाडीत तेच ऑइल मॅनिफोल्डमध्ये ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. डिझेलमध्ये ते व्हॅक्यूम पंपापर्यंत पोचते आणि पंपातल्या रबरी भागांनाही खाते.

तपासायला सोपे आहे. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो थोडा पुढे ओढा आणि मागच्या तोंडाशी बोट फिरवा. ओल लागली किंवा रंग फुगून सुटलेला दिसला तर मास्टर सिलिंडर गेला आहे. त्याच मास्टर सिलिंडरवर नवा बूस्टर बसवला तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तिथेच याल. आम्ही दोन्ही एकत्र बदलले. खर्च जड गेला, पण दुसरा मार्ग नव्हता.

कोकणपट्टीतल्या आणि मुंबईच्या गाड्यांत बाहेरून गंजलेले बूस्टरही पुष्कळ. वरचा ब्रेक ऑइलचा थेंब आधी रंग खातो, मग खारी हवा पत्रा खाते.

नवा, रिपेअर केलेला की भंगारातला?

नवा मिळत असेल तर नवा. मूळ बूस्टर आटे (ATE) कंपनीचे असतात. जर्मनीतल्या आल्फ्रेड टेवेस यांच्या नावातून आलेले हे नाव पुढे कॉन्टिनेंटलच्या छत्राखाली गेले. मर्सिडीजचे जुन्या गाड्यांसाठीचे क्लासिक सेंटर फेलबाखला १९९३ पासून आहे आणि जुने भाग तिथून मागवता येतात. मागवताना ‘२४० डी चा बूस्टर’ एवढे सांगून भागत नाही. वर्षागणिक भाग बदललेत आणि उजव्या-डाव्या स्टिअरिंगचा फरक आहे. चासी नंबर द्या. २४० डी चा नंबर १२३.१२३ या प्रकारात येतो, ३०० डी चा १२३.१३० मध्ये.

रिपेअर करणारे कारागीर आहेत. पण डबा दोन अर्ध्या पत्र्यांचा, कडा दाबून बंद केलेला असतो आणि आत जोरदार स्प्रिंग असते. तो घरी पक्कडीने उचकटू नका, स्प्रिंग तोंडावर येते. ज्याच्याकडे दाबून धरायचे साधन आहे आणि जो पडद्याबरोबर मागचा व्हॉल्व्ह आणि सीलही नवे घालतो, त्याच्याकडेच द्या. नुसता पडदा चिकटवून देणाऱ्याकडे नको.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, दिल्लीच्या काश्मिरी गेटला जुना बूस्टर सापडतो. घ्यायचाच असेल तर व्हॅक्यूम ओढणारा, काट्याचा हातपंप बरोबर न्या. व्हॅक्यूम ओढा, काटा कुठे आहे ते पाहा, दुकानदाराशी दोन गोष्टी बोला, मग परत पाहा. काटा हलला तर ठेवून द्या. तोंडाशी वास घ्या, ब्रेक ऑइलचा उग्र गोडसर वास आला तरी ठेवून द्या. आणि लक्षात असू द्या, तिथले रबरही आपल्या गाडीच्याच वयाचे आहे.

काम स्वतः करता येईल का?

ज्याने आधी ब्रेकची एअर (पाइपांत अडकलेली हवा) काढली आहे, पॅड बदलले आहेत, त्याला जमेल. सुट्टीचा एक दिवस मोकळा ठेवा. ज्याने कधी ब्रेकला हात लावला नाही त्याने या कामापासून सुरुवात करू नये.

हत्यारे फार लागत नाहीत: १३ चा सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, वाकणारा जॉइंट, ब्रेक पाइपसाठी ११ चा फ्लेअर पाना. साधा पाना ब्रेक पाइपच्या नटाला लावला तर कोपरे गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो, म्हणून फ्लेअर पान्यावर पैसे वाचवू नका.

प्रत्यक्ष काढायचा कसा?

आदल्या रात्री सगळ्या नटांना गंज सोडवणारे स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागेवर, चाकांना उटी लावून. इंजिन बंद ठेवून पेडल आठ-दहा वेळा दाबा म्हणजे उरलेला व्हॅक्यूम संपेल. एअर क्लीनर काढा. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे असतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बूस्टर इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला, मॅनिफोल्डच्या बाजूला येतो. जागा अडचणीची आहे, आणि इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय हात घालायचा नाही.

टाकीतले ब्रेक ऑइल सिरिंजने काढून घ्या. खाली आणि मडगार्डवर जुने कपडे पसरा. रंगावर थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. टाकीवरच्या दिव्याची वायर सोडवा. मॅन्युअल गाडीत क्लचलाही ऑइल याच टाकीतून जाते, तो बारीक होज विसरू नका.

मास्टर सिलिंडर बदलायचा असेल तर पाइप सोडा आणि तोंडे बुचांनी बंद करा. तो चांगला असेल तर दोन नट काढून, पाइप न सोडता, हळूच पुढे-बाजूला घेता येतो. पाइप जुने आणि गंजलेले असतील तर ही हळुवार ओढही त्यांना सोसत नाही, मग सोडलेलेच बरे.

आता ड्रायव्हरच्या पायापाशी उताणे झोपायचे. डॅशखालचे कव्हर काढा, हेडलॅम्प टॉर्च लावा. पेडल आणि बूस्टरचा रॉड यांना जोडणारा बोल्ट काढा, त्याच्या वायसरचा क्रम फोनवर टिपून ठेवा. मग फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) बूस्टर धरणारे चार नट. दोन दिसतात, दोन फक्त बोटांना कळतात. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नट सुटले की बूस्टर बोनेटकडून पुढे ओढून बाहेर.

बसवताना चुकते कुठे?

जुना आणि नवा शेजारी ठेवून आधी ताडून पाहा: बोल्टमधले अंतर, मागच्या रॉडची लांबी, व्हॅक्यूमच्या तोंडाची दिशा. फायरवॉलकडचे गास्केट नवे घाला, नाहीतर पावसाळ्यात पाणी पायाशी येते.

सर्वांत महागात पडणारी चूक रॉडची. बूस्टरच्या पुढच्या टोकाचा रॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात बारीकशी फट लागते, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. रॉड लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीकडे परतण्याचे भोक झाकलेले राहते. गाडी दहा-वीस मिनिटे ठीक चालते, मग ऑइल तापून फुगते आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. रॉड आखूड पडला तर पेडल अर्धे खाली गेल्यावर ब्रेक लागतो. फट मोजायला रॉडच्या टोकावर मातीच्या खेळण्यातल्या मऊ क्लेचा गोळा ठेवा, मास्टर सिलिंडर लावा, काढा आणि चपटा झालेला क्ले मोजा.

तो पुढचा रॉड उत्सुकतेपोटी ओढून बाहेर काढू नका. त्याच्या मागे रबराची जाड चकती असते, पायाला ब्रेकचा अंदाज देते ती हीच. रॉडबरोबर ती निसटून डब्यात पडली तर नवा बूस्टर वाया.

मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यातली ओ-रिंग नवीच घाला. या गाडीत व्हॅक्यूम अडवण्याचे काम हा जोडच करतो. दहा रुपयांचीही नसलेली जुनी रिंग परत वापरल्यामुळे नवा बूस्टर ‘खराब निघाला’ म्हणून परत गेलेला मी पाहिला आहे. नट हाताने शेवटपर्यंत आणा, मग पान्याने एकाआड एक थोडे थोडे आवळा. पान्याला पाइप लावून जोर दिला तर आटे जातात.

रबरी भाग पेट्रोल-डिझेलने पुसू नका, साधे ग्रीस लावू नका. दोन्हींनी ब्रेकचे रबर फुगते. पुसायला ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट.

एअर कशी काढायची?

मास्टर सिलिंडर नवा असेल तर गाडीवर चढवण्याआधी वाइसमध्ये धरून त्याची एअर काढा, नंतर निम्मी मेहनत वाचते. मग सगळ्यात लांबच्या चाकापासून जवळच्याकडे: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल वापरा, बाटली नवी फोडलेली असावी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, आपल्या पावसाळ्यात तर भराभर. दर दोन वर्षांनी बदलावे. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात मिसळायचे नाही.

मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबले की सील अशा भागात जाते जिथे ते कित्येक वर्षांत गेलेले नाही. तिथल्या गंजावर घासून ते फाटते, आणि चांगला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी जातो.

झाल्यावर तपासणी?

सुरुवातीच्या तीनही तपासण्या पुन्हा. ब्रेकलाइट वेळेवर लागतो आणि विझतो का पाहा. मग सोसायटीच्या आवारात पायी चालण्याच्या वेगाने, मग मोकळ्या रस्त्यावर. अर्धा तास चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या. एखादे चाक जास्त तापले असेल तर त्याचा कॅलिपर, चारही तापली असतील तर तीच रॉडची फट. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी आणि सगळे जोड पाहा. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय घाट नाही.

आरटीओच्या दृष्टीने काही अडचण?

त्याच जागी त्याच प्रकारचा बूस्टर बसवला तर गाडीत बदल केला असे होत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते, त्या आधी ब्रेकचे काम करून घेतलेले बरे. व्हिंटेज म्हणून २०२१ च्या नियमांत वेगळी नोंदणी आहे, पण त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी लागते. बहुतेक डब्ल्यू १२३ ना त्याला अजून वेळ आहे.

जुन्या बूस्टरचे काय करू?

भंगारात देऊ नका. आत ऑइल असेल तर निथळून घ्या, तोंडांना बुचे लावा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि चिठ्ठीवर चासी नंबर, काढल्याची तारीख आणि काय बिघडले होते ते लिहून ठेवा. पत्रा शाबूत असेल तर उद्या कोणाच्या तरी गाडीसाठी तोच डबा नवा पडदा घालून उभा राहील. आमचा जुना बूस्टर असाच नाशिकच्या एका ३०० डी वाल्यांच्या कारागिराने मापे जुळवून पाहिली आणि मगच ठेवून घेतला.